लिटरमागे चाळीस मिली

काही वास नाकाच्या आधी घशाला कळतात. टू-स्ट्रोक गाडीच्या धुराचा वास त्यातला. आधी पेट्रोलचा तिखटपणा येतो, मागून तेलाचा गोडसर, जड पदर, आणि थंडीची सकाळ असली तर दोघांनाही खाली धरून ठेवणारी ओल. बडोद्यात, कारेलीबागेत माझं लहानपण गेलं तेव्हा हा वास आमच्या सोसायटीत पहाटेच सुरू व्हायचा. पहिल्या पाळीची माणसं निघायची. कोणी फर्टिलायझरला, कोणी आयपीसीएलला, आणि माझे बाबा कोयलीला, रिफायनरीत. एकेका फाटकातून एकेक गाडी बाहेर यायची. मधेच एखादी राजदूत अडून बसायची, कोणी चेतक अंगावर कलती करून पुन्हा सरळ करायचा आणि नव्या दमानं किक मारायचा, आणि मग निळसर धुराचा एक थर जमिनीपासून हातभर उंचीवर पसरत पसरत आमच्या तुळशीशी येऊन रेंगाळायचा. दूधवाला त्यातूनच सायकल काढायचा. मी पांघरुणात पडल्या पडल्या वासावरून ओळखायचे, बाबा निघाले की अजून किकच मारताहेत.

बाबांची येझदी होती. काळी, टाकीच्या कडेला क्रोम, मागे दोन बाजूंना दोन लांब सायलेन्सर. तिचं एक वैशिष्ट्य मला फार उशिरापर्यंत जादूच वाटत होतं: किकचा आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की तोच गिअर. बाबा सुरू करायचे तेव्हा त्यात घाई अशी नसायचीच. आधी कॉक उघडायचा, मग कार्ब्युरेटरवरचं इवलंसं बटण दाबून धरायचं, पेट्रोल ओघळून बोटाला लागेपर्यंत. मग ते बोट पँटला न पुसता हवेत तसंच धरून एक किक मोकळी, आणि दुसरी खरी. ते ओलं बोट कधी कधी ते माझ्या नाकाजवळ आणायचे. मी तोंड फिरवायचे, आणि पुन्हा मागायचे.

संध्याकाळी मात्र माझी जागा टाकीवर. पाय दोन्हीकडे सोडून, हँडलच्या मधल्या भागाला धरून, फ्रॉक वाऱ्यानं फुगलेला. मुक्तानंदपासून निघायचं, फतेगंजवरून काळ्या घोड्यापर्यंत, तिथे महाराजांच्या पुतळ्याला वळसा घालून कमाटीबागेत, नाहीतर पुढे सूरसागरच्या काठानं दांडिया बाजारात, आजोबांच्या वाड्यात. टाकीच्या झाकणातून पेट्रोलचा वास यायचा, पाठीमागून बाबांच्या शर्टाचा, आणि त्या शर्टात रिफायनरीचा स्वतःचा असा एक वास असायचा, धुतला तरी न जाणारा. १९६५ साली ती रिफायनरी सुरू झाली ती अंकलेश्वरच्या जमिनीतून निघालेल्या तेलावर. म्हणजे बाबा दिवसभर जे करत होते त्यातलंच थोडं सकाळ-संध्याकाळ जाळत होते. हे त्यांना कोणी बोलून दाखवलं असतं तर ते नुसते हसले असते.

पेट्रोलपंपावर एक विधी असायचा. पोऱ्या विचारायचा, किती? बाबा आधी लिटर सांगायचे आणि मग, आवाज किंचित खाली आणून, तेल. लिटरमागे चाळीस मिली. तेलही सर्वोचंच, कारण ते बाबांच्याच कंपनीचं, म्हणजे घरचं. पत्र्याच्या मापातून ते दाट तेल टाकीत ओतलं जायचं तेव्हा बाबा वाकून बघायचे, शेवटचा थेंब सुटेपर्यंत माप उलटं धरायला लावायचे, आणि मग गाडी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी हलवायचे, आत मिसळावं म्हणून. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो. हे सगळं मला दहाचा पाढा पाठ होण्याआधी ठाऊक होतं.

रविवारची सकाळ गाडीची. अंगणात पोतं पसरायचं, त्यावर पाने मांडायचे, आईच्या जुन्या नऊवारीचं फाडलेलं फडकं हाताशी. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा, फुंकर मारायची, आणि त्याच्या दोन टोकांमधली फट डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून, त्यातून आकाशाकडे बघायचं. फट मोजायला गेज होतं, पण आधी डोळ्यानं बघून मग गेज घालायचं, आणि जमलं असलं की माझ्याकडे बघायचं. सायलेन्सरच्या आतली जाळीची नळी अधूनमधून बाहेर यायची. तिच्यावर काजळीचा असा थर असायचा की भोकं दिसेनाशी व्हायची. ती रॉकेलमध्ये भिजवून पेटवायची, थंड झाली की ठोकायची, आणि काळे खवले पोत्यावर गळून पडायचे. आई दारातून म्हणायची, "झालं का तुमचं शंकराचं?" भस्मामुळे म्हणत असावी. मग निरमा आणि थोडी वाळू घेऊन हात घासले जायचे, कोपरापर्यंत, आणि तरीही जेवताना बाबांच्या नखांच्या कडा काळ्याच. वरणभातावर तूप वाढताना मला तो हात दिसायचा. अजून दिसतो.

ते हात माझ्या डोक्यावरून कधी फिरले असतील, मला आठवत नाही. बाबा त्या पिढीतले. पण माझ्या सायकलची चेन त्यांनी कधी कोरडी पडू दिली नाही.

गाडीच्या बाजूच्या डब्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन कागद असायचे, आरसी बुक आणि विमा. विमावाले काका वर्षातून एकदा यायचे, कार्बन घातलेलं पुस्तक मांडीवर घेऊन, चहा होईपर्यंत लिहायचे. मी एकदा विचारलं होतं, थर्ड पार्टी म्हणजे कोण? काका म्हणाले, कोणीही. आम्हाला न भेटलेल्या, कदाचित कधीच न भेटणाऱ्या कुणासाठी बाबा दरवर्षी पैसे भरतात हे मला फार गूढ वाटलं. रस्त्यावर गर्दीत बघताना मी तो माणूस शोधायचे. मांडवीच्या दरवाजाखालून सायकल हातात धरून जाणारा कोणी म्हातारा, भूतडी झांप्याशी भाजीची टोपली उतरवणारी कोणी बाई. त्यांना ठाऊक नव्हतं की आमच्या डब्यात त्यांचा कागद आहे.

आता ते कागद फोनमध्ये आले. माझी स्वतःची मोटरसायकल शंभर सीसीची, फोर-स्ट्रोक, शहाण्या मुलीसारखी गप्प चालणारी. २०२२च्या जूनपासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचे वर्षाला ७१४ रुपये, वर कर. बाबांच्या येझदीला, ती अडीचशेची, १,३६६ पडले असते. १ सप्टेंबर २०१८ नंतर नवी दुचाकी घेणाऱ्याला हा हप्ता पाच वर्षांचा एकदमच भरावा लागतो, मीही भरला. गंमत आहे ती दुसऱ्या आकड्याची. गाडीची स्वतःची किंमत त्या कागदावर दरसाल उतरत जाते, पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, आणि पाचव्या वर्षी निम्मी. थर्ड पार्टीचा हप्ता मात्र गाडी म्हातारी झाली म्हणून कमी होत नाही. त्या अनोळखी माणसाचं हाडही तेवढंच आणि दवाखान्याचं बिलही तेवढंच. सरकारी कोष्टकांत सहसा न सापडणारा न्याय मला इथे सापडतो, आणि नूतनीकरणाचा मेसेज आला की मी फारशी कुरकुर न करता पैसे भरते.

पण मी वासाचं सांगत होते.

पुढे कधीतरी वाचलं, की टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात. जळलेला वायू बाहेर जायला आणि ताजं मिश्रण आत यायला वेळ जवळजवळ एकच, त्यामुळे ताज्यातलं बरंचसं न जळताच मागच्या दारानं निसटतं. ते वाचून मी पुस्तक मिटलं. म्हणजे तुळशीपाशी येऊन रेंगाळायचं ते जळलेलं नव्हतंच. बाबांना ज्यातून वेग मिळाला, छाणी नाक्यावरून बाजव्याकडे ज्यानं त्यांना नेलं, ते तर तिथेच संपलं. माझ्या वाट्याला आलं ते उरलेलं, वाया गेलेलं, कामाला न आलेलं. आणि तेच टिकलं.

वाईटच होतं ते, हेही कबूल करायला हवं. त्या धुरात आमच्या शेजारच्या आजी खोकून खोकून अर्ध्या व्हायच्या. नियम कडक होत गेले तशा टू-स्ट्रोक मोटरसायकली गेल्या. मैसूरचा येझदीचा कारखाना तर १९९६मध्येच थांबला. आता २०२०पासून बीएस-६. आज पहाटे सोसायटीत गाड्या निघतात त्यांचा वास येत नाही, दोन-तीन विजेवरच्या आहेत त्यांचा तर आवाजही नाही, आणि पारिजातकाखालून जाताना पारिजातकाचाच वास येतो. हे चांगलं झालं. मला विष आठवतं आणि हवंसं वाटतं, हा दोष माझ्या नाकाचा.

येझदी बाबांच्या निवृत्तीच्या सुमाराला विकली गेली. घेणाऱ्यानं ती ढकलत नेली नाही, चालवत नेली. बाबा फाटकात उभे राहून तिचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत ऐकत होते आणि आत येऊन म्हणाले, टायमिंग जरा पुढे आहे, सांगायला हवं होतं. नंतर त्यांना आम्ही बहुचराजीवरून खासवाडीच्या स्मशानात नेलं त्यालाही आता बराच काळ लोटला. ती वाट माझी रोजची आहे. तिथे मी गाडी सावकाश घेते. एवढंच.

दसऱ्याला मी गाडी धुते, हँडलला झेंडूची माळ घालते, आपट्याची दोन पानं मीटरवर ठेवते, आणि मग सगळ्या बडोद्याबरोबर फाफडा-जलेबीच्या रांगेत उभी राहते. उत्तरायणाच्या आधी हँडलवर तारेची कमान बसवून घेते, मांजा गळ्याशी येण्याआधी तारेवर अडावा म्हणून. जानेवारीभर सगळं शहर अशा कमानी मिरवत हिंडत असतं. आणि पावसाळ्यात विश्वामित्रीकडे कान. आजव्याच्या धरणाचं पाणी सुटलं, नदी फुगली, की आमच्याकडे पहिला प्रश्न माणसांचा आणि दुसरा गाड्यांचा. २०१९च्या जुलैच्या शेवटच्या दिवशी शहरात सुमारे २० इंच पाऊस पडला. २०२४च्या ऑगस्टात पुन्हा पूर आला, आणि त्यानंतर दोघा तरुणांनी एका मगरीला स्कूटरवर मधे घेऊन वनखात्याकडे पोचवलं, तो व्हिडिओ साऱ्या देशानं पाहिला. ती मगर विम्याच्या भाषेत मागे बसलेली सवारी धरायची की थर्ड पार्टी, यावर आमच्या कट्ट्यावर बरीच चर्चा झाली.

त्या पुरात माझी गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर पाण्याच्या टाकीच्या रस्त्यावर गॅरेजसमोर दुचाक्यांची रांग, सगळ्या एकाच करड्या रंगाच्या, गाळाच्या. मी हात पुढे केला तसा मिस्त्री ओरडला, "बेन, किक ना मारता!" आत पाणी असताना इंजिन फिरवलं तर ते मोडतं, आणि साध्या पॉलिसीत अशी मोडतोड बसत नाही, वर जादा पैसे भरून इंजिनाचं संरक्षण घेतलेलं असलं तरच. त्यानं खालचा नट सोडला. तेल आलं ते दुधाळ, जास्त उकळलेल्या चहासारखं. प्लग काढला, सिलिंडरमधलं पाणी काढलं, गंज धरू नये म्हणून प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडलं, बाकीचं तेल दोनतीनदा बदललं, आणि सर्वेअरनं फोटो काढून झाल्यावर मग कुठे किक मारली.

गाडीनं धूर सोडला. निळा. घशाला आधी कळला.

मी तशीच उभी राहिले त्यात, ओढणी नाकाला न लावता. मिस्त्रीला वाटलं माझा जीव गाडीसाठी खालीवर होतोय. "धुमाडो हमणां बंध थई जशे, बेन, चिंता ना करो," तो म्हणाला. झालाही, मिनिटभरात.

मग हिशेब. रबर-प्लॅस्टिकचे निम्मेच मिळणार, पन्नास टक्के घसारा. वायरिंग मंजूर. बेअरिंग मंजूर. तेलाच्या ओळीवर सर्वेअरनं आडवी रेघ मारली. तेल म्हणजे वापरून संपणारी वस्तू, ती पॉलिसीत येत नाही. मिस्त्री त्याच्याशी हुज्जत घालायला लागला, की पुराच्या पाण्यानंच तर तेल गेलं, बेनने काय पिऊन टाकलं? मी पर्स उघडली आणि म्हटलं राहू दे भाई, तेलाचे माझे.