कोपर, सुई आणि मी

कोपरावर गाठ आली याचे मला फारसे काही वाटले नाही. ती नीट न चाचपता जिने तिच्यात शिरकाव केला त्या सुईचा संताप मात्र अद्याप शमलेला नाही. बिडकीन येथे औद्योगिक क्षेत्रासाठी भूसंपादन झाले, तेव्हापासून काश्तकारांचे मोबदल्याचे, फेरफाराचे, वारसनोंदीचे अर्ज लिहून देणे हा माझा व्यवसाय होऊन बसला आहे; डावे कोपर लाकडी मेजावर टेकून उजव्या हाताने लिहीत राहायचे, हा त्यातला नित्यक्रम. त्या डाव्या कोपराच्या टोकावर लिंबाएवढा मऊ फुगवटा आला. वेदना जवळजवळ नव्हती.

गावातील एका चिकित्सकाने 'पाणीच आहे, आत्ता मोकळं करतो' असे म्हणून ट्रेमधली सुई उचलली. त्याने हात धुतले नाहीत. स्पिरिटचा बोळा फिरविला, पण तोही सुई बाहेर काढल्यावर! निघालेले पिवळसर पाणी तपासणीस पाठवायचे काय, अशी पृच्छा मी केली, तेव्हा तो हसला आणि माझ्यादेखत त्याने ते मोरीत ओतले. इतरांच्या तक्रारी लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्याने हे सारे निमूट पाहावे, हा दैवदुर्विलासच. पुढे गाठ पुन्हा भरली, कातडी लाल व तप्त झाली आणि हुडहुडी भरून ताप आला.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने प्रथम माझा हात हलकेच वाकवून सरळ केला. सांधा बराचसा मोकळा आहे, म्हणजे विकार सांध्याच्या बाहेरचा, हे त्याने तेवढ्यावरून ताडले. मग काम कोणते, कुठे मार लागला होता काय, पायाचा अंगठा कधी ठणकून सुजतो काय, असे विचारले. अखेरचा प्रश्न युरिक आम्लाच्या विकारासाठी होता. हाड आणि त्वचा यांमध्ये घर्षण कमी करणारी एक पातळ पिशवी असते, सततच्या दाबाने तिच्यात द्रव साचतो, यालाच बर्सायटिस म्हणतात. केवळ सूज असती तर कोपर टेकणे सोडून, बर्फाचा शेक व दाबपट्टी यांवर काही आठवड्यांत निभावले असते. शस्त्रक्रियेची पाळी क्वचितच येते. माझ्या पिशवीत मात्र आता पू होता. तो निर्जंतुक सुईने काढून प्रयोगशाळेत पाठविला गेला आणि प्रतिजैविकांनी ताप उतरला.

परतल्यावर त्या चिकित्सकाविरुद्ध अर्जाचा मसुदा मी मोठ्या ईर्ष्येने आरंभिला. परंतु रात्री-अपरात्री शेतात कोणाला विंचू डसला तर दार उघडणारा या भागात तोच एक, हे आठवून लेखणी अडली. ही सहानुभूती मला स्वतःलाच पटत नाही; न धुतलेल्या हाताला परोपकाराची सबब कशी चालेल?

वाचकांनी एवढे करावे: कोपराच्या सुजेसोबत लाली, उष्णता किंवा ताप दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि कोणी सुई उचललीच तर आधी हात धुण्यास सांगण्याची भीड बाळगू नये.