सेवकाचा नकार

नकार देण्याची विद्या मामलेदाराला कचेरीत आणि सावकाराला पेढीवर अनायासे साध्य होते. ती ज्याला आयुष्याच्या उत्तरार्धापर्यंत साधत नाही, असा मनुष्य म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा पाळक. ज्याने एकदा ईश्वरी पाचारणाला होकार दिला, त्याला पुढे कानी येणारी प्रत्येक हाक त्याच कंठातून उमटल्यासारखी वाटते. आणि मग रविवारची उपासना, आठवड्याची प्रार्थनासभा, बाप्तिस्मे, विवाह व दफनविधी या नेमून दिलेल्या कर्तव्यांच्या जोडीला कोणाच्या मुलासाठी वसतिगृहाच्या अधीक्षकांस शिफारसपत्र, कोणाच्या नव्या घराची उपकारस्तुती, रुसून माहेरी गेलेल्या सुनेची समजूत, दोन सख्ख्या भावांमधील बांधाचा तंटा आणि दोन-तीन समित्यांचे चिटणीसपद ही सारी कामे सेवेच्या एकाच सदराखाली दाखल होत जातात. नगरसारख्या जिल्ह्यात, जिथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालत आले, तिथे तर पाळकाच्या ओसरीला अर्ध्या कचेरीचेच रूप आले आहे. अर्ज तेथेच येतात, तक्रारी तेथेच गुदरतात आणि फैसल्याची अपेक्षाही तेथेच केली जाते.

या गर्दीतून निसटण्यासाठी पाळकाने एक सौम्य पळवाट शोधून ठेवलेली असते. 'प्रार्थना करून कळवतो,' एवढे तो म्हणतो, आणि जे ओझे त्याला स्वतःला नाकारवत नाही ते नाकारण्याचे काम परमेश्वरावर सोपवून मोकळा होतो. घरी प्रार्थनेला बोलावणाऱ्याने मात्र त्या वाक्यातला होकार तेवढा घरी नेलेला असतो, आणि नेमलेल्या संध्याकाळी सतरंजी अंथरून, चहाचे आधण ठेवून ते कुटुंब वाट पाहत बसते. स्पष्ट नकार क्षणभर बोचतो. असा लोंबकळत ठेवलेला होकार माणसाचा शब्दावरचा विश्वासच झिजवतो.

ज्याच्या नावाने ही धावपळ चालते त्या येशूची रीत या बाबतीत अगदी निराळी होती. कफर्णहूमात शब्बाथाची संध्याकाळ झाली तेव्हा सारे नगर रोग्यांना घेऊन दाराशी लोटले आणि त्याने पुष्कळांना बरे केले. पण दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच तो एकांतात प्रार्थनेला निघून गेला, आणि सगळे आपल्याला शोधीत आहेत असे शिमोनाने येऊन सांगितले असताही त्या दाराकडे न परतता त्याने शेजारच्या गावांची वाट धरली. मार्काने हा प्रसंग थोडक्यात आटोपला आहे. परंतु ज्याला पोचायला रात्र झाली आणि ज्याची पाळी सकाळवर गेली, असा एखादा रोगी तेथे असेलच, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. नकाराला अशी किंमत असते, आणि ती ठाऊक असूनही तो पुढे गेला. वडिलार्जित मिळकतीची वाटणी करून देण्याची विनंती घेऊन एक जण आला, तेव्हाही आपली त्या कामावर नेमणूक झालेली नाही असे सांगून त्याने लवाद होण्याचे साफ नाकारले.

होकाराचीही किंमत असते. ती कोण मोजतो, हे मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राने दाखविले आहे. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या स्वभावात पाहुणा, याचक वा अनाथ यांपैकी कोणाला विन्मुख पाठविणे बसतच नव्हते. ओसरीवर उदारपणे दिलेला शब्द माजघरात पोचेपर्यंत पिठाचा, तेलाचा आणि उद्याच्या भाकरीचा प्रश्न होऊन जाई, आणि तो सोडविणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. त्यांनी तो हिशेब विनोदाने मांडला, म्हणून आपणही हसतो. पण प्रत्येक पाळकाच्या घरी एक लक्ष्मीबाई असतात, आणि त्या सर्वच काही पुस्तक लिहीत नाहीत.

ही किंमत घराबाहेर ताटकळणाऱ्यांनाही मोजावी लागते. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसतो हे पाहून त्याचा सासरा इथ्रो याने जो सल्ला दिला, त्यातले अर्धे मर्म बहुधा निसटून जाते. तू थकशील, एवढे म्हणून तो थांबला नाही. दिवसभर ताटकळणारे हे लोकही थकतील, असे त्याने बजावले. पुढे यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत, रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते अशी तक्रार ग्रीक बोलणाऱ्यांनी केली, तेव्हा बारा प्रेषितांनी पंक्तीची व्यवस्था अंगावर घेण्याचे नाकारले, पण तक्रार नामंजूर केली नाही. मंडळीने सात जण निवडावेत आणि ते काम त्यांच्या स्वाधीन करावे असे ठरले. त्या सातांची नावे सगळीच ग्रीक वळणाची आहेत. म्हणजे ज्यांना ती उणीव बोचत होती, त्यांच्याच हाती बहुधा कोठाराच्या किल्ल्या गेल्या. त्यांतला स्तेफन पहिला हुतात्मा झाला आणि फिलिप्पाने शोमरोनात सुवार्ता नेली. बारांनी त्या दिवशी भिडेखातर ते काम पत्करले असते, तर या दोघांची पारख व्हायला दुसरा कोणता प्रसंग आला असता, कोण जाणे.

सर्व कामे एकट्याच्या शिरावर घेणारा पाळक नकळत मंडळीचा वाटा खात असतो. नाताळच्या गायनाची तालीम एखाद्या शिक्षिकेने घ्यावी, आजाऱ्यांची विचारपूस महिला मंडळाने करावी, शिफारसपत्र पंचांनी लिहावे. मरणोन्मुख माणसाच्या उशाशी मध्यरात्री बोलावणे आले तर मात्र ते जाणे पाळकाचेच. आणि त्यासाठी लागणारे त्राण त्याने दिवसा दिलेल्या नकारांतूनच शिल्लक राहिलेले असते.

टिळक १९१९ साली निवर्तले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे होते. ज्यांना टिळकांनीच अक्षरओळख करून दिली त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहावयास घेतले आणि टिळकांच्या अध्यायांहून कितीतरी अधिक अध्याय रचले. ते काम मृत्यूने सोडवून घेतले होते. जिवंतपणी, वेळेवर आणि प्रसन्न मुखाने ते सोडता येणे ही पाळकाची साधना आहे, आणि तिचा आरंभ ओसरीवर आलेल्या पुढच्याच निमंत्रणाला, 'मला जमणार नाही, पण तुमच्या शेजारच्या बाईंना विचारा. त्या माझ्यापेक्षा चांगली प्रार्थना चालवतील,' असे सांगण्यापासून होतो.