मोकळा हब
जानेवारीतली पहाट. पवना धरणाकाठच्या चढावर, दवाने निसरड्या झालेल्या तांबड्या मातीत आमची पिकअप अडली. गाडीत शेजारच्या आजी तापाने फणफणत होत्या. लोणावळा गाठायचे होते. फोर-व्हीलचा दांडा टाकला होता, तरी पुढची चाके ढिम्म! उतरून पाहिले. डाव्या हबची कळ फिरवलेली होती, पण आतले दाते अडकलेच नव्हते; पावसाळ्यात पाणी शिरून बिघडलेले ग्रीस थंडीने घट्ट झाले होते. एक हब मोकळा राहिला, की पुढच्या आसाचे सारे बळ त्याच बाजूला वाया जाते. जवळच्या घरातून गरम पाणी आणले, हबला भिजला फडका गुंडाळला, गाडी किंचित मागेपुढे केली. 'खट्' असा आवाज आला आणि गाडी चढली. आजी बऱ्या झाल्या. तेव्हापासून पावसाळा सरताच मी हब उघडून ग्रीस बदलतो. थंडी निमित्तमात्र, आळस माझाच होता.