नवव्याचं पान

भाच्याचं जहाज फुटलं. कंट्रोलर सतरंजीवर टाकून तो म्हणाला, "मामा, ही चीटिंग आहे. गोळी दिसलीच नाही."

मला पटेना. महिनाभर मी हाच गेम लॅपटॉपवर इम्युलेटरमध्ये खेळत होतो, एकूण एक गोळी दिसत होती. इथे मात्र खरा खोका होता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे गल्लोगल्ली 'कॉन्ट्रा' पोचवणारी, १९८३ च्या जपानी फॅमिकॉमची नक्कल. घरी लिहिलेला गेम फ्लॅश कॅसेटवर भरून त्यात खोचला होता. (खोचण्याआधी फुंकर मारलीच. गरज नसते, पण राहवत नाही.)

चूक रात्री सापडली. इम्युलेटरमध्ये स्प्राइटची, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्रांची, मर्यादा उठवायची सोय असते. ती मी कधीतरी चालू करून विसरलो होतो. खऱ्या यंत्रात पडद्यावर एकूण ६४ स्प्राइट, पण एका आडव्या रेषेवर फक्त ८. आठ पानांची पंगत म्हणा. यादीत नाव आधी त्याला पान, नववा त्या रेषेपुरता गायब. माझं जहाज दोन पानं अडवतं, प्रत्येक शत्रूही दोन. जहाजासमोर तीन शत्रू आले की पंगत भरली, आणि गोळ्या मी यादीत शेवटी घातलेल्या. टक्कर तपासणारा कोड पडद्याकडे बघतच नाही, तो २ किलोबाइट मेमरीतले आकडे बघतो. म्हणून न दिसलेली गोळीही बरोब्बर लागते.

भाचा खरं बोलत होता.

उपाय जुनाच आहे. जहाजाच्या पहिल्या दोन जागा कायम ठेवल्या. उरलेल्या ६२ जागांची भरती दर फ्रेमला १७ घरं पुढून सुरू केली. १७ आणि ६२ यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे फिरत फिरत प्रत्येकाची पाळी येते. गर्दीत सगळे लुकलुकतात, कायमचं कुणी गायब होत नाही. या लुकलुकण्याला लोक दोष म्हणतात. मी नाही म्हणत. १९९२ चा 'समर कार्निव्हल ९२: रेक्का' हा गेम याच यंत्रावर पडदा इतका भरतो, की लुकलुकणं हा त्याचा वेगच वाटतो. स्फोटाचा धूर मात्र मी गर्दीत काढूनच टाकला. धुराने कुणी मरत नाही.

पुढच्या रविवारी भाचा पुन्हा बसला. तिसऱ्या लाटेत मेला.

"ही दिसली होती," म्हणाला, आणि स्टार्ट दाबलं.