अंगठा आणि नातवाचे लंबगोल

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय.

दिवाळीत नातू पुण्याहून चिखलीला आला होता. सॉफ्टवेअरमध्ये आहे तो. फराळाची बशी बाजूला सारून कागदावर काडीची माणसं आणि लंबगोल काढत होता. मी म्हटलं, "काय रे, पुन्हा बालवाडीत गेलास की काय?"

"आजी, ही युज केसची आकृती आहे."

काडीचा माणूस म्हणजे वापरणारा. लंबगोल म्हणजे त्याला संगणकाकडून करून घ्यायचं काम. स्वीडनच्या इव्हार याकोबसन यांनी १९८७ मध्ये ही पद्धत मांडली आणि १९९२ च्या त्यांच्या पुस्तकामुळे ती सगळीकडे पोचली. इथवर कळलं. पुढे तो म्हणाला, काही युज केस काँक्रिट असतात, काही अॅब्स्ट्रॅक्ट. काँक्रिट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर स्लॅबच आला!

"तुझंच उदाहरण घे," तो म्हणाला. "तू केंद्रावर कशाला गेली होतीस?"

तर झालं होतं असं. मागच्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले, तर अंगठा जुळेना. पुसला, धुतला, पुन्हा टेकवला. नाहीच! मी समोर धडधडीत बसलेली आणि मी मीच आहे हे यंत्राला पटेना. रिकाम्या हाताने घरी आले. त्या रात्री झोप लागली नाही.

नातवाने दोन लंबगोल काढले. 'हयातीचा दाखला देणे' आणि 'रेशन घेणे'. दोन्हींना माणूस जोडला. ही काँक्रिट. माणूस तेवढ्यासाठी घरातून निघतो आणि काम पुरं करून परततो. मग मागे तिसरा लंबगोल काढला, 'ओळख पटवणे'. त्याला माणूस नाही. पहिल्या दोघांकडून नुसते तुटक बाण. ही अॅब्स्ट्रॅक्ट. निव्वळ ओळख पटवायला कुणी रांगेत उभं राहत नाही, ती दुसऱ्या कामाच्या पोटातच येते.

जन्मभर व्याकरण शिकवलं, मला एकदम उमगलं. हा तर विभक्तीचा प्रत्यय! नुसत्या 'ने'ला अर्थ नाही. 'मुलाने' म्हटलं की तो कामाला लागतो. आणि प्रत्यय एकदाच शिकवायचा, शब्द कितीही असोत. नातू म्हणाला, "अगदी बरोबर. आम्हीही ते एकदाच लिहितो, सगळीकडे वापरतो."

"आणि तेच अडलं तर?"

"तर सगळंच अडतं."

मला शेजारची बाई आठवली. सोयाबीन सोंगून बोटांच्या रेषा झिजलेल्या. रेशनहून परत येताना म्हणाली होती, "बाई, माहा अंगठाच उमटत नाही." तिचं धान्य त्या दिवशी राहिलं. पेन्शन वेगळी, रेशन वेगळं, पण दोघी ठेचकाळलो एकाच दगडाला.

त्यावर नातवाने चौथा लंबगोल जोडला, 'अंगठा न जुळल्यास दुसऱ्या मार्गाने ओळख'. ही वाट रोज लागत नाही, अडलं तरच लागते. पण ती आधीच आखावी लागते. जीवन प्रमाण ही डिजिटल दाखल्याची सोय २०१४ साली आली, चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय त्यात २०२१ मध्ये आली. मधल्या सात वर्षांत किती म्हाताऱ्यांनी अंगठे धुतले असतील?

मी त्याला एवढंच म्हटलं, "बाळा, तुझ्या आकृतीत त्या लंबगोलाला माणूस जोडलेला नाही. पण अडतो तो माणूसच. तो लंबगोल काढताना आमचे हात आठव."

तो काही बोलला नाही. कागद मात्र घडी करून खिशात ठेवला.

यंदा त्यानेच मोबाईलवर माझा चेहरा दाखवून दाखला करून दिला. म्हणजे पुढच्या नोव्हेंबरपर्यंत मी जिवंत आहे, लेखी!

असो. तुम्हीही आपापले दाखले वेळेत करून घ्या.