खापरपणजोबांचा घोडा

नात्यांच्या बाबतीत मराठी भाषा मोठी उदार आहे. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी तिने आपल्या पूर्वजांसाठी चांगली तीन मजली माडी बांधून ठेवली आहे. पण त्या माडीत राहणाऱ्यांची नावं विचारून पाहा. पहिल्या मजल्यावरचा गृहस्थ लगेच सापडतो. दुसऱ्या मजल्यासाठी "थांबा हं, आईला विचारतो" असं उत्तर मिळतं. तिसऱ्या मजल्याला बहुधा कुलूप असतं. १९८३ च्या विश्वचषकातले अकराही खेळाडू ज्याला फलंदाजीच्या क्रमाने पाठ असतात, तोच सद्गृहस्थ श्राद्धाला बसला की भटजींनी तिसरं नाव विचारताच पळीतल्या पाण्याकडे बघत राहतो.

कोकणाकडची मंडळी या बाबतीत फार व्यवस्थित. त्यांच्यातल्या कित्येक घराण्यांनी आपले कुलवृत्तान्त छापून काढले आहेत. मूळपुरुष कुठून आला, त्याला किती मुलगे, त्यातला कोणता कोणत्या गावी गेला, सगळं अनुक्रमणिकेसह. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी आमच्या चंद्रपूरच्या घरी चहा पिता पिता मला विचारलं, "तुमचा निघालाय का हो कुलवृत्तान्त?" मी म्हटलं, "साहित्य तयार आहे. सध्या वाळवी वाचून राहिली आहे."

तरी आमच्या घराण्याला इतिहास नव्हता असं नाही. इतिहास होता, पुरावा तेवढा नव्हता. आमचे मोठे काका तो दर लग्नात, पंगत उठली की सांगत. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचं गोंड राज्य घेतलं, तेव्हा त्यांच्या फौजेबरोबर आमचे मूळपुरुष घोड्यावर बसून आले. घोडा पांढरा होता. काकांच्या तरुणपणी तो नुसताच घोडा होता; वयोमानाप्रमाणे काकांचे केस पांढरे होत गेले तसा तोही झाला असावा. पुढे मला कळलं की, आमच्या भागातल्या बऱ्याच घराण्यांचे मूळपुरुष याच फौजेबरोबर आलेले आहेत, आणि एकही पायी आलेला नाही. एवढे घोडे भोसल्यांपाशी असते तर त्यांनी चांद्याला थांबून वेळ कशाला घालवला असता?

या घोड्याला धक्का लागला तो २०१३ साली, आणि तोही माझ्या पुतण्याच्या इंजिनिअरिंगमुळे. प्रवेशासाठी त्याला जात पडताळणीचा दाखला हवा होता. इतर मागासवर्गीयांना त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे आजच्या पोराला कॉलेजात जायचं असेल तर आधी आजोबांना कचेरीत हजर करावं लागतं. आमचे आजोबा कधीच देवाघरी गेलेले. तेव्हा त्यांच्या कागदांना हजर करण्याचं काम घरात निवृत्त आणि म्हणून रिकामा समजला जाणारा माणूस, म्हणजे मी, याच्याकडे आलं.

आमचं मूळ गाव वैनगंगेच्या पूर्वतीरावर. आजोबा तिथेच जन्मले, तिथेच मेले, जन्मात कधी घर बदललं नाही. घरानेच काय ते प्रदेश बदलले. आजोबा जन्मले मध्य प्रांतात. पुढे तो मध्य प्रांत व वऱ्हाड झाला. १९५० साली ते ओसरीवर बसल्या बसल्या मध्य प्रदेशात गेले, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात. ते गेल्यावरही प्रवास थांबला नाही. चांद्याचं चंद्रपूर झालं आणि १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा नदीपलीकडचं आमचं गाव त्यात गेलं. माणूस जागचा हलला नाही, पण त्याचे कागद मात्र फिरतीच्या नोकरीत असल्यासारखे फिरले. एका कचेरीत सांगितलं, ते नदीपलीकडे गेले. पलीकडच्या कचेरीत सांगितलं, ते आलेच नाहीत. दोन्ही कचेऱ्यांच्या मध्ये वैनगंगा वाहते. तिला विचारण्याचा मात्र अर्ज नव्हता.

पहिली आशा होती आजोबांच्या लोखंडी पेटीची. तिच्यात मोडीतले तीन कागद निघाले. काकांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. घोड्याची सनद असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून मोडी वाचणाऱ्याला जावयाचा मान आला आहे. पण तेव्हाही असा माणूस शोधायला मला नागपूर गाठावं लागलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, मान हलवली आणि वाचून दाखवलं. दोन कागद बियाण्यासाठी मालगुजाराकडून उसनवार आणलेल्या धानाचे होते. तिसऱ्यात जनावर होतं. पण तो बैल होता, आणि तोही गहाण. मी ही बातमी काकांना जमेल तेवढ्या सौम्य शब्दांत सांगितली. काका म्हणाले, "त्या माणसाला मोडी येत नाही."

दुसरी आशा कोतवाल बुकाची. जुन्या मध्य प्रांतात गावचा कोतवाल गावातले जन्म-मृत्यू सांगायचा आणि त्याचं पुस्तक भरलं जायचं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख. आज विदर्भातल्या हजारो घरांची भिस्त या पुस्तकांवर आहे. कोर्ट फीचं तिकीट लावून नकलेचा अर्ज केला. माझ्या वडिलांच्या जन्मसालाची पानं वाळवीने आधीच वाचून संपवली होती. काकांच्या सालाला पाणी लागलं होतं. अख्ख्या घराण्यापैकी एकच नोंद धडधाकट निघाली. ऑगस्ट १९२८. बापाच्या रकान्यात आजोबांचं नाव, जातीच्या रकान्यात जात. आणि पुढे नुसतं, मुलगी.

ही मुलगी म्हणजे आमची आत्या. तेव्हा पंच्याऐंशी वर्षांची. लवकर विधवा झाल्यापासून माहेरीच, गावच्या घरात राहत होती. मी नक्कल घेऊन गेलो. तिने कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ घेतला.

"माझं नाव कुठी आहे गा, बापू?"

"नाव नाही, आत्या. बारशाच्या आधी नोंद व्हायची. बापाचंच नाव लिहायचे."

"मंग ही मीच होय कशावरून?"

कचेरीतल्या कोणालाही सुचला नव्हता असा हा प्रश्न. मी म्हटलं, "तारीख तुझी आहे." ती म्हणाली, "तारीख त काय, त्या दिवशी गाईलाही वासरू झालं असंन." आणि कागद माझ्या हाती देऊन तांदूळ निवडायला लागली.

पुतण्याला त्या नावाविना मुलीमुळे दाखला मिळाला. काकांना घोडा सिद्ध करायचा होता आणि सरकारला बैलवालाच हवा होता, असा हा योग. पण त्या कागदाचं काम एवढ्यावर संपायचं नव्हतं.

गावात आमच्या बोडीपलीकडे, जंगलाच्या कडेला एक शेतकरी वहिती करतो. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. मोठ्या तळ्याला आम्ही मामा तलाव म्हणतो. त्यात कोणाचा मामा बुडालेला नाही, ते माजी मालगुजारी तलाव आहेत. तर या शेतकऱ्याने वनहक्काचा दावा लावला होता. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या जंगलकाठच्या माणसाला एक अवघड अट आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या इथे राहत होतो, हे त्याने दाखवायचं. आणि एक पिढी म्हणजे २५ वर्षं. म्हणजे झाली ७५ वर्षं, थेट डिसेंबर १९३०. भटजी तीन पिढ्या विचारतात तेव्हा नाव विसरलं तर फार तर पितर रागावतात. इथे तीन पिढ्या सांगता आल्या नाहीत तर जमीन जाते. त्याच्यासारख्यांचे दावे बहुतेक या एका अटीपायीच नामंजूर होतात. कारण ज्यांच्या आजोबांनी कधी कागद पाहिला नाही, त्यांच्याकडे आजोबांचा कागद मागायचा, असा तो प्रकार.

खरं तर आमच्या या मुलखात वंशावळ कागदावर ठेवायची रीतच नव्हती. गोंडांची कुळं चार देवांची, पाच देवांची, सहा देवांची, सात देवांची. सारख्या संख्येचे देव असले की ते भाऊ, त्यांच्यात सोयरीक नाही. एवढ्या एका आकड्यात कुळाचा हिशेब बसतो. त्यांच्या कुळकथा गायला परंपरेने परधान असत. भामरागडकडे माडिया लोक गेलेल्या माणसासाठी रस्त्याकाठी दगड उभा करतात. ना त्याला वाळवी लागत, ना त्याची नक्कल काढायला तिकीट लागत. आपण शिकलेली माणसं मात्र लग्नाच्या अल्बममध्ये "डावीकडून तिसरे कोण?" यावर भांडत बसतो, फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव लिहायला कोणाचा हात धजत नाही.

कायदा करणाऱ्यांनाही ही गोष्ट ठाऊक असावी. कारण नियमांत पुराव्यांच्या यादीत जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थानं यांच्याबरोबर वंशावळ आहे, आणि दावेदाराखेरीज दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिगतही आहे. ग्रामसभेच्या वनहक्क समितीची मंडळी अशा माणसाच्या शोधात आमच्या ओसरीवर आली. गावात आत्यापेक्षा म्हातारं आता पिंपळाचं झाडच होतं.

आत्या सुरू झाली. समितीच्या सचिवाला लिहिता लिहिता घाम फुटला, कारण कुठलीही गोष्ट सांगायची तर ती दोन लग्नं आणि एक भांडण मागे जाऊन सुरुवात करी. शेवटी गाडी बोडीवर आली.

"याची आजी सुईण होती. तिनंच माझी नाळ कापली. माय सांगे, पानी असा का बोडी फुटते का राह्यते. अन् ही बाई पारीवरच्या झोपडीतून पोतं डोक्यावर घेऊन आली."

सचिव म्हणाला, "आजी, हे कोणत्या साली?"

"मी जन्मली त्या साली. दुसऱ्या कोणत्या साली माझी नाळ कापंन?"

मी आत जाऊन ती नक्कल आणली. ऑगस्ट १९२८. भर पावसाळा, आणि कायद्याच्या तारखेच्या दोन वर्षं आधी. सचिवाने कागद पाहिला, मग आत्याकडे पाहिलं, आणि हकिगतीला नक्कल जोडली. आत्याने खाली सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची ठसठशीत सही, तिच्या पूर्ण नावाची.

दावा ग्रामसभेतून उपविभागाकडे, तिथून जिल्ह्याकडे गेला. सरकारी चालीने, पण गेला. तीन वर्षांनी तो शेतकरी टोपलीभर टेंभरं आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला पट्टा घेऊन आला. मी आत्याला वाचून दाखवला. या कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. मी दोन्ही नावं वाचली.

"बाईचं नाव आहे?" आत्याने विचारलं.

"आहे ना, हे बघ."

"मंग तेवढं पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. शेतकऱ्याची बायको पदराचं टोक तोंडात धरून हसली. आत्याने टेंभरं तिच्याच पोरांना वाटून टाकली.

त्यानंतर मी आमची वंशावळ नव्याने मांडायला घेतली. काकांच्या जुन्या वंशवृक्षात नुसते पुरुष होते. ते एकमेकांपासून जन्मले असावेत असं वाटे. मी त्यात बायका घातल्या, मुली घातल्या, त्यांची माहेरची नावं घातली. तक्ता एवढा रुंद झाला की जेवणाच्या टेबलावर मावेना. आत्याला दाखवला. तिने आपलं नाव बोटाने शोधलं, मग म्हणाली, "हे कोणतं झाड होय गा? मूळ वर अन् खांद्या खाली! साऱ्या जंगलात असं झाड नाही पाह्यलं." गीतेत असा अश्वत्थ आहे, असं मी सांगणार होतो, पण ती उठून कोंबड्या हाकलायला गेली होती.

२०१९ साली आत्या गेली. पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला आणि लोखंडी पेटीत पाणी शिरलं. मोडीचे तिन्ही कागद एकमेकांना चिकटले. त्यांचे फोटो माझ्याकडे, पुतण्याकडे आणि पुण्याच्या भाचीकडे अशा तीन ठिकाणी होते म्हणून बैल वाचला. आणि मोबाइलमध्ये आत्याचा आवाज आहे, साडेतीन तासांचा. त्यात एक तास कोंबड्या आणि अर्धा तास शेजारणीशी बोलणं आहे. ते कापून टाकावं असं पुतण्या म्हणतो. मी काढू देत नाही. पुढच्या पिढ्यांनाही कळू दे, आमच्या घरात कोंबड्यांना कसं हाकलत.

परवा काकांना तो आवाज ऐकवला. काका आता नव्वदीला आले आहेत. तिसऱ्या तासाला कुठेतरी मी आत्याला घोड्याबद्दल विचारलं आहे. थोडा वेळ नुसता सुपाचा आवाज येतो. मग आत्या म्हणते, "घोडा होता ना. मालगुजाराचा होता. आपला बुढा त्याला चारा घाले."

मी काकांकडे बघायचं टाळलं. काकांनी फोन हातात घेतला, तेवढंच वाक्य पुन्हा लावायला सांगितलं, आणि डोळे पुसून विजयी मुद्रेने म्हणाले,

"पाहा! मी म्हणत नव्हतो, घोडा होता म्हणून?"