मुरूम

१९७२ सालचा दुष्काळ. माणदेशातली आमची वाडी तशी दुष्काळाला सरावलेली, पण त्या साली विहिरींनी तळच दाखवला. आई दिवसभर दुष्काळी कामावर, रस्त्यावर मुरूम टाकायला. सांजच्याला आली की घागर घेऊन ओढ्याकडं. तिथं वाळूत उकरलेल्या झिऱ्यातनं वाटीवाटीनं पाणी भरायचं. एका घागरीला तासभर तरी मोडायचा.

मी नववीत होतो. त्याच साली माझ्या तोंडावर मुरूम उठले. गालावर, कपाळावर, पार नाकाच्या शेंड्यावरसुद्धा. वर्गातलं एक पोरगं म्हणालं, "ह्याची आय रस्त्यावर मुरूम टाकती, आन् ह्यो त्वांडावर घिऊन येतो." सगळा वर्ग हसला. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला मुरमांपेक्षा आईच्या कामाचीच लाज वाटली होती. हे तिला कधी सांगितलं नाही.

त्या दिवसापासनं तोंड धुवायचा नादच लागला. सकाळी, शाळेतनं आल्यावर, जेवायच्या आधी, निजताना. अंगाचा साबण एवढा कुठला परवडायला? धुण्याच्या साबणाचा तुकडा घ्यायचा आणि टाचा घासायच्या वजरीनं गाल खरवडायचे. कातडं ताणून बसायचं, चुणचुणायचं. वाटायचं, झालं साफ. दोन दिवसांत जुन्याशेजारी नवे उठायचे, लालबुंद. मग आणखी एक तांब्या.

आजी कावायची, "आरं, त्वांड हाय का खरकटं भांडं?" आई काही बोलायची नाही. रांजणात डोकावायची आणि पुन्हा घागर उचलायची.

कामावर लस टोचायला डॉक्टर आले, तेव्हा तिनंच त्यांना गाठलं. मला पुढं करून म्हणाली, "ह्याच्या त्वांडाचं कायतरी बघा."

"दिवसातनं किती वेळा धुतोस?"

"आठ-धा येळा."

"कशानं?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "कातडीला तिचं स्वतःचं तेल असतं, ते तू रोज खरवडून काढतोयस. मग ती कोरडी पडते, चिरते, सुजते. मुरूम धरतो तो आत, केसाच्या मुळाशी तेल तुंबून. तिथवर तुझी वजरी पोचते होय? सकाळ-संध्याकाळ नुसत्या हातानं धू." औषध काही दिलं नाही. गालांची आग पुढं थांबली. मुरूम मात्र आणखी वर्ष-दोन वर्षं येतच राहिले. वयच तसलं.

परतताना आई बोटांवर हिशेब करत होती. "म्हंजी रोजची एक घागर वाचली की रं!"

दुसऱ्या दिवशी ओढ्याची एक खेप तिनं खरंच कमी केली. अंगणातल्या दगडावर बसली आणि मला म्हणाली, "जरा पायावर तांब्या वत." मी पाणी ओतलं. टाचांच्या भेगांत मुरूम इतका रुतून बसला होता, की नुसत्या पाण्यानं निघेना. मी वजरी आणायला आत गेलो.